वेगळे होण्याचा हिशेब

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात मानपाडा येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी यंदाच्या व्याख्यानासाठी जो विषय आम्हांस नेमून दिला तो असा की, इंग्लंड देश युरोपच्या व्यापारसंघातून बाहेर पडला, त्याचे राजकीय व आर्थिक परिणाम काय झाले, हे आपल्या मंडळींस समजेल अशा भाषेत सांगावे. विषय ऐकून काहींस हसू आले असेल. कोठे लंडन आणि कोठे मानपाडा! परंतु थोडा विचार करता असे दिसून येईल की, "आत राहावे की बाहेर पडावे" हा वाद या मंडपात बसलेल्या कोणासही नवा नाही. कल्याण-डोंबिवलीच्या भोवतालच्या सत्तावीस गावांनी हा वाद १९८३ सालापासून अनुभवला आहे. इंग्लंडने तो मोठ्या प्रमाणावर केला, आपण लहान प्रमाणावर करीत आहोत. म्हणून चिटणीसांची आज्ञा आम्ही निम्मी पाळणार आहोत. इंग्लंडकडे जाऊ, पण तेथे फार वेळ बसणार नाही. परतीची वाट कल्याण-शीळ रस्त्यानेच आहे. (ठाण्यास घोडबंदर रस्त्यावर आणखी एक मानपाडा आहे. तेथील पाहुणे आज आले असतील तर त्यांनी रागावू नये. आमचे बोलणे डोंबिवलीकडच्या मानपाड्याविषयी आहे.)

प्रथम आपलीच हकीकत सांगतो, कारण तरुण मंडळींस ती तुकड्यातुकड्यांनी ठाऊक आहे. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण महानगरपालिका स्थापन झाली. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ या नगरपालिका आणि भोवतालची पुष्कळशी गावे तीत घातली गेली. गावांस कोणी विचारले नव्हते. ज्यांच्या सात-बाऱ्यावर भातखाचरे होती ते एका सकाळी शहरवासी झाले. १९९२ साली अंबरनाथ आणि बदलापूर या बाजू वेगळ्या होऊन त्यांच्या स्वतंत्र नगरपालिका झाल्या. सत्तावीस गावांची मागणी मात्र पुढे दहा वर्षे चालली आणि २००२ साली ती मान्य होऊन गावे महापालिकेतून बाहेर पडली. ग्रामपंचायती पुन्हा आल्या. नंतर १ जून २०१५ रोजी तीच गावे पुन्हा आत घेण्यात आली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात शासनाने गावांची वेगळी नगर परिषद करण्याचा मनोदय अधिसूचनेने जाहीर केला, आणि १ नोव्हेंबरास महापालिकेची निवडणूक मात्र गावांसह झाली. २०२० साली अठरा गावे बाहेर काढून त्यांची कल्याण उपनगर नगर परिषद करण्याचे ठरले व नऊ गावे आतच ठेवली गेली. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, कारण कायद्याने सांगितलेली महापालिकेशी सल्लामसलत रीतसर झालेली नव्हती. इंग्लंड एकदा आत गेले आणि एकदा बाहेर पडले. आपली गावे चाळीस वर्षांत इतक्या वेळा आत-बाहेर झाली की उंबरठा झिजला असेल.

२०२० सालच्या त्या वाटणीविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. सागाव आत राहिले आणि सोनारपाडा बाहेर गेला. ज्यांस हा भूभाग ठाऊक आहे त्यांस सांगावयास नको की, या दोहोंच्या मधोमध सीमा काढणे म्हणजे एका घराच्या ओटीतून रेघ ओढण्यासारखे आहे. काटई आत, निळजे बाहेर. भोपर आत, माणगाव बाहेर. पाणी कोठून येते, सांडपाणी कोठे जाते, मुले कोणत्या शाळेत जातात, यांपैकी कशाच्या आधारे ती रेघ ओढली गेली असावी, असे आम्हांस वाटत नाही. गावांची मागणी सत्तावीसची होती आणि हातात आली ती अठराची वाटणी. त्यामुळे जे आत राहिले ते नाराज झाले आणि जे बाहेर गेले तेही निश्चिंत झाले नाहीत.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. आपण कुणबाऊ मंडळी. वाटणी म्हणजे काय हे आपणांस पुस्तकातून शिकावे लागत नाही. एकत्र कुटुंबातील भाऊ विभक्त होतात तेव्हा भांडी वाटता येतात, खाचरे वाटता येतात, घराला आडवी भिंतही घालता येते. पण विहीर वाटता येत नाही. तिच्यावर पाणी भरण्याचे दिवस ठरवावे लागतात. पाणंद दोघांचीच राहते. वडिलांनी सोसायटीतून काढलेले कर्ज कोणी किती फेडावयाचे, हे कागदावर आणावे लागते. जे भाऊ हे आधी ठरवितात ते पुढे सणावारी एकमेकांकडे जेवतात. जे रागाच्या भरात उठतात आणि "नंतर बघू" म्हणतात, त्यांची नातवंडे कल्याणच्या न्यायालयाच्या पायऱ्यांवर भेटतात. आमचे म्हणणे एवढेच आहे की, देशांचे आणि गावांचेही असेच असते. ज्याच्यापासून वेगळे व्हावयाचे त्याच्याशीच दुसऱ्या दिवशी करार करावा लागतो, आणि तो करार आधी केला की नंतर केला, यावर पुढचे सारे सुखदुःख अवलंबून राहते.

इंग्लंडने तो नंतर केला. २५ मार्च १९५७ रोजी रोम येथे सहा देशांनी करार करून सामायिक बाजारपेठ उभारली. एकमेकांच्या मालावर जकात घ्यावयाची नाही आणि बाहेरच्यांकडून सारखीच घ्यावयाची, असा त्या व्यवस्थेचा गाभा होता. इंग्लंड तेव्हा ऐटीत दूर राहिले. पुढे व्यापाराची निकड भासू लागली तेव्हा दारात जाऊन उभे राहिले, तर फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६३ व १९६७ अशा दोन खेपेस दार लावून घेतले. अखेर १ जानेवारी १९७३ रोजी प्रवेश मिळाला. १९७५ साली लोकांस विचारण्यात आले तेव्हा शेकडा ६७ जणांनी "राहावे" असा कौल दिला. त्यानंतर एक्केचाळीस वर्षांनी, २३ जून २०१६ रोजी, पुन्हा विचारण्यात आले आणि शेकडा ५१.९ जणांनी "निघावे" असे सांगितले.

मतपत्रिकेवर प्रश्न एकच होता, राहावे की निघावे. कोणत्या अटींवर निघावे, हे तीवर नव्हते. जकातीचा संघ सोडावयाचा पण बाजारपेठेत राहावयाचे, की दोन्ही सोडावयाचे, की नॉर्वेसारखे दाराबाहेर बसून आतले नियम पाळावयाचे, असे निघण्याचे निरनिराळे प्रकार होते. ज्यांनी निघण्यास मत दिले त्यांच्या मनातही ते निरनिराळेच होते. परिणाम असा झाला की, निर्णय झाल्यावर त्याचा अर्थ काय, यावर त्या देशाची लोकसभा साडेतीन वर्षे भांडत राहिली. पंतप्रधान कॅमेरून मतदानाच्या दुसऱ्या दिवशीच राजीनाम्याची घोषणा करून मोकळे झाले. थेरेसा मे यांचा करार त्यांच्याच पक्षाच्या सभासदांनी पुन्हा पुन्हा फेटाळला आणि २०१९ साली त्याही गेल्या. बोरिस जॉन्सन यांच्या काळात ३१ जानेवारी २०२० रोजी देश बाहेर पडला, पण व्यापाराचा करार पूर्ण झाला तो २४ डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे जुनी व्यवस्था संपण्यास अवघा एक आठवडा उरला असता.

त्या वादात एक मोटारबस फार प्रसिद्ध झाली. आपण युरोपला दर आठवड्यास ३५ कोटी पौंड देतो, ते आपल्या रुग्णालयांस देऊ, असे तिच्यावर मोठ्या अक्षरांत रंगविले होते. त्यांतून इंग्लंडला परत मिळणारी सूट वजा केलेली नव्हती, आणि तेथील सरकारी आकडेवारीवर देखरेख करणाऱ्या संस्थेने तो आकडा दिशाभूल करणारा आहे असे सांगितलेही. परंतु बसवरचे अक्षर लोक चालता चालता वाचतात आणि खुलासा वाचण्यास थांबावे लागते. आपल्याकडे बस नव्हती, फलक होते, इतकेच अंतर.

आमच्या ज्ञातीतील मंडळींना यांतील मासेमारांची कथा विशेष लागेल, कारण खाडी आणि मासळी यांच्याशी आपला संबंध मिठाइतकाच जुना आहे. ग्रिम्सबीसारख्या बंदरांतील कोळ्यांनी "आपला समुद्र आपल्या ताब्यात" या घोषणेस मनापासून साथ दिली. त्यांचे गाऱ्हाणे खरे होते. परक्या बोटी त्यांच्या पाण्यात येऊन मासे नेत होत्या. बाहेर पडल्यावर माशांतला त्यांचा वाटा काहीसा वाढलाही. परंतु त्या देशातील पुष्कळशी मासळी विकली जात होती ती युरोपातच. जानेवारी २०२१ उजाडला तेव्हा प्रत्येक खेपेस प्रमाणपत्रे, तपासण्या, कागद लागू झाले, आणि स्कॉटलंडची कोळंबी व शिंपले गाड्यांतच अडकून शिळे होऊ लागले. समुद्र आपला झाला, पण गिऱ्हाईक पलीकडच्या काठावर राहिले. कॉर्नवॉल या परगण्याचे तर याहून नवल. युरोपच्या निधीतून तेथे बरीच कामे झाली होती. तेथील लोकांनी बहुमताने निघण्याचा कौल दिला आणि निकाल लागताच त्यांच्या परिषदेने सरकारकडे मागणी केली की, युरोपकडून मिळणारी रक्कम कमी होणार नाही असे आश्वासन द्यावे. हसू नका. आपणही उद्या तेच करणार आहोत.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ते व्याख्यान न होता वकिली होईल. संघाबाहेर आल्यामुळेच इंग्लंडला स्वतःचे करार स्वतः करता आले. २४ जुलै २०२५ रोजी आपल्या देशाशी त्यांचा जो व्यापारी करार झाला तो युरोपात असताना त्यांना एकट्याने करताच आला नसता. आपल्या घराचे कायदे आपल्या लोकसभेने करावेत, ही भावनाही खोटी म्हणता येत नाही. आपण तर त्याच भावनेच्या बळावर त्याच इंग्लंडास येथून घालविले. पण तेथील अंदाजपत्रकाची स्वतंत्र तपासणी करणाऱ्या कचेरीचा कयास असा आहे की, आत राहिले असते तर जेवढी उत्पादकता असती त्यापेक्षा ती दीर्घकाळात शेकडा ४ कमी राहील. स्वाभिमानासाठी एवढी किंमत द्यावयाची असेल तर अवश्य द्यावी. ती देण्यापूर्वी मात्र ठाऊक असावी.

कोणी म्हणेल, आपल्या देशानेही ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉक येथे पूर्वेकडील देशांच्या व्यापारसंघास नकार दिलाच की! दिला खरा, आणि न्यूझीलंडच्या दूधपावडरीच्या धास्तीने आपल्या दूध-उत्पादकांनी तो आग्रहाने द्यावयास लावला. परंतु दाराशी जाऊन परत फिरलेला पाहुणा आणि त्या घरात चाळीस वर्षे नांदलेला भाऊ यांच्या निघण्यात फरक आहे. पाहुण्याची भांडी आत अडकलेली नसतात.

आता परत आपल्या रस्त्यावर येऊ. महापालिकेची हद्द म्हणजेसुद्धा एके काळी एक लहानसा व्यापारसंघच होता, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांस आठवत असेल. हद्दीवर जकात नाके होते. माल आत यावयाचा तर जकात भरावी लागे आणि तिच्या उत्पन्नावर महापालिका चाले. जे गाव हद्दीबाहेर त्यास जकात नाही. पण जकातीतून होणारी कामेही नाहीत. पुढे जकात गेली, तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, तोही १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला, आणि १ जुलै २०१७ पासून सर्व देशात वस्तू व सेवा कर लागू झाला. महापालिकांचे जे उत्पन्न बुडाले त्याबद्दल राज्य शासन त्यांस भरपाई देते आणि ती दर वर्षी शेकडा ८ ने वाढवावी असे कायद्यात ठरले. ही भरपाई महापालिकांसाठी आहे. उद्या आपल्या गावांची नगर परिषद झाली तर त्या रकमेतील आपला वाटा कोणत्या आधारावर मागावयाचा? लोकसंख्येवर, की क्षेत्रफळावर, की गावांच्या हद्दीत असलेल्या कारखान्यांवर? हा प्रश्न आम्ही सभांतून फारसा ऐकलेला नाही. मालमत्ता कराविषयी मात्र पुष्कळ ऐकले.

तो राग रास्त आहे. ग्रामपंचायतीच्या काळात जे घर थोडक्या रुपयांत सुटत असे त्याच घराचा कर महापालिकेत गेल्यावर कित्येक पटींनी वाढला, असे सर्वपक्षीय संघर्ष समितीचे गाऱ्हाणे आहे. कर घेणाऱ्याने त्याच्या मोबदल्यात नळ, गटार आणि दिवा द्यावयास हवा, ही मागणी काही उर्मटपणाची नव्हे. २०१५ च्या निवडणुकीपूर्वी कल्याण-डोंबिवलीसाठी साडेसहा हजार कोटी रुपयांची घोषणा झाली होती, तीही लोक विसरलेले नाहीत. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पाच वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. म्हणजे ज्यांनी आत राहावयाचे, त्यांचा आत बोलणाराही कोणी नव्हता. कर आहे पण आवाज नाही, अशी स्थिती कोणासही बाहेरची वाट दाखविते. अमेरिकेतील वसाहती याच कारणावरून इंग्लंडपासून निघाल्या होत्या.

परंतु बंधूंनो, करापेक्षा पाण्याची गोष्ट मोठी आहे. मे २०२२ मध्ये संदप येथील दगडखाणीत कपडे धुण्यासाठी गेलेल्या एकाच घरातील पाच माणसांचा बुडून अंत झाला. गावात पाणी पुरेसे येत नव्हते म्हणून ती माणसे खाणीवर गेली होती. ही गावे नंदुरबारच्या डोंगरात नाहीत. येथून डोंबिवली स्थानकाचा भोंगा ऐकू यावा एवढ्या अंतरावर आहेत. आणि संदप हे २०२० च्या वाटणीतही आत ठेवलेल्या नऊ गावांपैकी एक, हे ध्यानात घ्यावे. ते आत होते म्हणून त्यास पाणी मिळाले नाही. तेवढ्यावरून बाहेर असते तर मिळाले असते, असेही म्हणता येत नाही. कारण येथल्या गावांच्या नळास येणारे पाणी महापालिकेच्या मालकीचे नाही आणि ग्रामपंचायतीच्याही नाही. ते औद्योगिक विकास महामंडळाचे, बारवी धरणातले. आत गेलो तरी महामंडळाकडून विकत घ्यावयाचे आणि बाहेर आलो तरी त्याच्याचकडून विकत घ्यावयाचे. थकबाकी कोणाच्या नावावर राहावयाची, जलकुंभ व जलवाहिन्या कोणाच्या मालकीच्या, आणि उन्हाळ्यात कपात झाली तर कोणाचा नळ आधी बंद व्हावयाचा, हे तीन प्रश्न ज्या कागदावर सुटले नाहीत तो कागद घेऊन आम्ही घराबाहेर पडणार नाही. सभेत टाळ्या पडोत वा न पडोत.

अग्निशमनाची गोष्टही तशीच. मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये येथील औद्योगिक वसाहतीत जे भयंकर स्फोट झाले त्यांचे हादरे सीमा पाहून थांबले नाहीत. काचा सागावातही फुटल्या आणि सोनारपाड्यातही. त्या दिवशी बंब कोठकोठून आले याचा विचार केला तर आपणांस कळेल की नव्या नगर परिषदेने पहिल्याच वर्षी काय उभारावे लागेल आणि ते उभारेपर्यंत शेजाऱ्याचा बंब कोणत्या कराराने बोलवावा लागेल. कचऱ्याचेही हेच. कल्याणची आधारवाडीची जागा भरून वाहू लागली आणि २०२१ मध्ये बंद झाली. शहरालाच जागा अपुरी, तेथे वेगळ्या होणाऱ्यास ती कोण देणार? रस्त्याचे तर बोलावयासच नको. कल्याण-शीळ रस्ता ना महापालिकेचा ना गावांचा. त्याच मार्गाने कल्याण-तळोजा मेट्रोचे काम २०२४ साली सुरू झाले, आणि तिच्या स्थानकांत सागाव, सोनारपाडा, मानपाडा ही नावे एका ओळीने आहेत. आगगाडीने आपणांस पुन्हा एकत्र केले. कागदाने वेगळे केले होते.

बाहेर राहण्याचा अनुभव आपणांस नाही असेही नाही. २००२ ते २०१५ ही तेरा वर्षे गावे बाहेर होती. त्या काळात नियोजनाची जबाबदारी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आणि रोजचा कारभार ग्रामपंचायतींकडे अशी दुहेरी व्यवस्था होती. वास्तविक पाहता दोन मालक असले की गुरे उपाशी राहतात. परवानगी कोणी द्यावयाची आणि अनधिकृत बांधकाम कोणी थांबवावयाचे, याचा निकाल लागेतो खाचरांवर चाळी उभ्या राहिल्या आणि चाळींच्या जागी सात मजले झाले. त्या जमिनी आपल्याच होत्या, विकणारे आपणच होतो आणि कित्येक ठिकाणी बांधणारेही आपणच होतो, हे या ज्ञातिसभेत न बोलून कसे चालेल? आज त्या इमारतींत राहणारी, कर्ज काढून घर घेतलेली परगावची माणसे आपल्याहून अधिक संख्येने आहेत. गावांच्या वेगळेपणाचा निर्णय घ्यावयाचा तर त्यांसही विचारावे लागेल. कॉर्नवॉलमध्येही केवळ मूळच्या कॉर्नवॉलकरांचे मत घेतले नव्हते.

शेजारचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. शीळफाट्यापलीकडील दहिसर-मोरी भागातील चौदा गावे नवी मुंबई महापालिकेत होती. करांचा बोजा नको म्हणून त्यांनी आंदोलन केले आणि २००७ साली ती बाहेर पडली. पुढे काय झाले? पाण्याची आणि रस्त्यांची दुर्दशा पाहून त्याच गावांनी पुन्हा आत घ्या अशी मागणी लावून धरली. २०२२ साली विधानसभेत तशी घोषणा झाली, नंतर समावेशही झाला. परंतु यावेळी नवी मुंबईतूनच प्रश्न आला की, या गावांत सोयी करण्यास लागणारा खर्च आम्ही का सोसावा? निघताना दार आपण लोटतो, परतताना ते आतल्या माणसाने उघडावे लागते. द गॉल यांची आठवण येथे कोणास झाली तर ती अस्थानी नाही. उलट अंबरनाथ आणि बदलापूर यांनी १९९२ नंतर आपापला संसार थाटला आणि तो चालविलाही. तेव्हा वेगळे होणे म्हणजे बुडणेच असा सिद्धांत आम्ही मांडीत नाही. फरक असा की, अंबरनाथपाशी आधीची नगरपालिका होती आणि जुने कारखाने होते. आपल्यापाशी काय आहे ते मोजून पाहिले पाहिजे.

मोजून पाहून घर सोडल्याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबागजवळ चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली आपल्या शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसणे सोडले. तो संप १९३९ पर्यंत चालला. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर १९३४ साली तेथे येऊन गेले. जमीन कसावयाची नाही म्हणजे घरात दाणा येणार नाही, हे त्या कुळांस पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. त्यांनी जंगलातील लाकूडफाटा आणि खाडीतील मासळी यांवर दिवस काढले आणि पदरात कुळकायद्याचा आरंभ पाडून घेतला. ते निरक्षर होते असे म्हणतात. पण किती वर्षे काय खावयाचे, याचा हिशेब त्यांनी बसवर रंगविला नव्हता. तो घराघरांत केला होता.

खारभूमीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांस एक गोष्ट निराळी सांगावी लागत नाही. समुद्राचा बांध सर्वांनी मिळून राखावयाचा असतो. एकाने आपला तुकडा सोडला, त्यास खांड पडली, की खारे पाणी त्याच्याच शेतात थांबत नाही. म्हणून ज्यास बांधाचे काम सोडावयाचे असेल तो आधी आपला तुकडा दुसऱ्याच्या हाती सोपवितो आणि मग जातो.

तेव्हा आमचे मत विचाराल तर ते असे. सत्तावीस गावांची वेगळी नगर परिषद व्हावी, ही मागणी रास्त असू शकते. परंतु पाणी, भरपाईतील वाटा, थकबाकी, कर्मचारी, अग्निशमन आणि कचरा यांचा लेखी करारनामा अधिसूचनेच्या आधी झाल्याशिवाय तिला पाठिंबा देण्यास आम्ही तयार नाही. आणि तोडावयाचे तर सत्तावीस तोडावीत. अठरा आणि नऊ नकोत. करारनामा होत नसेल तर आत राहून महापालिकेच्या सभागृहात आपली माणसे पाठवावीत आणि प्रत्येक अंदाजपत्रकात गावांच्या नावाने किती रक्कम ठेवली व किती खर्ची पडली, ते विचारीत राहावे. काहींस हे मत मिळमिळीत वाटेल. घोषणेच्या मानाने ते तसे आहेच.

मंडळाच्या तरुणांकडे आमची एक विनंती आहे. पुढील संमेलनापर्यंत निदान मानपाडा, सागाव, सोनारपाडा, गोळवली आणि दावडी एवढ्या भागापुरती एक वही तयार करावी. गावात नळजोडण्या किती, टँकर महिन्यास किती येतात, ग्रामपंचायतीच्या काळचा कर किती होता आणि आताचा किती, शाळा कोणाच्या ताब्यात आहेत, गुरचरण किती उरले, हे प्रत्येक घरी जाऊन विचारावे आणि लिहून आणावे. परगावच्या भाडेकऱ्यांच्या घरांतही जावे; पाणी त्यांच्याही हंड्यात येत नाही. माहितीचा अधिकार आहे, त्याचा अर्ज कसा करावयाचा हे ज्यास ठाऊक नसेल त्याने संमेलन संपल्यावर चिटणीसांस भेटावे. वहीचा खर्च मंडळाने सोसावा, असे आम्ही अध्यक्ष महाराजांस सुचवितो.

 जेवणाची पाने मांडली आहेत असे मघापासून मागून खुणावले जात आहे. ज्यांना शंका असतील त्यांनी त्या पंगतीत विचाराव्यात.